सुम्म कुंड्री, मास्तर

आमच्या हॉलच्या वार्षिक सभेत दर वर्षी एक लहानसं नाटक होत असे आणि त्यातलं मुख्य काम माझ्याकडे होतं. दसरा झाला की पुढच्या रविवारी सभा भरायची. अहवाल वाचून संपला की चिटणीस या नात्याने मी उभा राहायचो, उपरणं सावरायचो आणि म्हणायचो, "मंडळी, पुष्कळ झालं. आता प्रकृती साथ देत नाही. या खेपेला मला मोकळं करा आणि एखाद्या तरुण माणसाच्या हाती हॉलची किल्ली द्या." माझी प्रकृती चांगली ठणठणीत होती. सभेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, कारण त्याच सकाळी मी एकट्याने सगळ्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या.

मग पहिल्या रांगेतले आमचे अध्यक्ष काठी जमिनीवर आपटायचे. ते निवृत्त सबजज्ज होते, सगळे त्यांना जज्जसाहेबच म्हणत. घरात मराठी, पण हुकूम सोडायचा तर तो कानडीत, असा त्यांचा शिरस्ता. "सुम्म कुंड्री, मास्तर! यार माड्तार्री इदन्नेल्ला?" गप्प बसा, हे सगळं करणार कोण? सभा हसायची. मागून दोन-चार जण "बसा हो मास्तर, बसा" म्हणायचे. मी थोडा वेळ अवघडल्यासारखा उभा राहायचो, "तुमचा आग्रहच असेल तर नाइलाज आहे" म्हणायचो आणि बसायचो. मग चिवडा आणि कॉफी. पुढच्या वर्षाची काळजी मिटलेली असायची.

परक्या माणसाला हे ढोंग वाटेल. मला ते कधी तसं वाटलं नाही. आमच्याकडे पहिलं 'नको' मुळी मोजतच नाहीत. पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो, आणि आपण आधण ठेवतो. पंगतीत वाढणाऱ्याने जिलबीचं ताट पुढे केलं की जेवणारा पानावर दोन्ही हात आडवे धरतो, आणि त्या हातांच्या फटीतून जिलबी पानात पडते. त्यात कुणी फसत नाही की कुणी फसवत नाही. आपण हवे आहोत हे माणसाला वर्षातून एकदा तरी ऐकायला मिळावं, एवढीच त्यातली सोय.

आणि मला ती सोय फार लागायची, हे आता सांगायला हरकत नाही. बायको तापाच्या साथीत गेली. मुलीचं लग्न करून दिलं, ती सांगलीला. धारवाडात मळमड्डीला माझ्या दोन खोल्या होत्या, त्यांतली एक बहुधा बंदच असायची. हायस्कुलात दिवसभर गणित शिकवायचं, घरी येऊन पिठलं-भात टाकायचा. त्यानंतरच्या संध्याकाळचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुरता हॉलने सोडवला होता.

हॉल म्हणजे काही राजवाडा नव्हता. मंगळुरी कौलांची लांबट इमारत, पुढे ओटा, मागे पटांगण. पेठेतल्या लोकांनी वर्गणी काढून बांधलेला आणि पेठेतल्याच लोकांनी फुकट राबून चालवलेला. कमिटीत आम्ही शिक्षक, कारकून, वकील, एक-दोन पेन्शनर. कामं विचाराल तर संपायची नाहीत. पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायची. लग्नाला दिलेली जाजमं परत आली की डाग कुठे पडलेत ते बघायचं आणि ते आमचे नव्हेतच म्हणणाऱ्या वधूपित्याशी भांडायचं. गॅसबत्तीला मेंटल बांधायचं. पटांगणात घुसलेल्या गाई हाकलायच्या आणि गाईवाल्या अक्काची बोलणी खायची. "काय हो मास्तर, मैदान काय तुमच्या अप्पानं बांधलं काय हो?" असं ती भर रस्त्यात विचारायची. मी म्हणायचो, "गवत काय तुझ्या अप्पानं लावलंय?" त्या बाईशी मी वर्षानुवर्षं भांडलो. ती भांडणं मला आवडत होती.

कुलूप मोठं पितळी होतं आणि त्याची किल्ली वीतभर लांब. ती खिशात मावत नसे म्हणून मी कमरेला खोचायचो. शाळेत मुलं त्यावरून हसत, हसोत बिचारी. संध्याकाळी मी कुलूप काढून खिडक्या उघडल्या की हळूहळू माणसं जमायची. कुणी बुद्धिबळाला, कुणी भजनाला, पोरं पटांगणात आट्यापाट्या खेळायला. कुणी मला भेटायला येत नव्हतं, हे मला कळत होतं. पण मी उघडल्याशिवाय कुणाला कुणी भेटत नव्हतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

एका श्रावणात जज्जसाहेब गेले. चांगले पिकल्या वयाचे होते, तरी आम्हांला पोरकं वाटलं. त्यांच्या जागी अध्यक्ष म्हणून एक डॉक्टर आले. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, गोरेपान, अतिशय सभ्य. बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचे. आमच्या गावात ती सवय कुणालाच नसल्याने त्यांचा मोठा दबदबा होता.

त्याच सुमाराला कमिटीत एक तरुण वकील घेतले होते. हुशार, कामाला वाघ, पण मोठा सरळ गडी. कोजागिरीच्या पंगतीत त्यांना बासुंदी वाढायला दिली, तर पहिलं 'नको' ऐकून ते खरोखर पुढे जायचे! म्हातारे आडवे हात धरून बसले आणि वकील आपले भराभर रांग संपवून परत आले. "कुणालाच नकोय हो, अण्णा," असं मला येऊन सांगतात. शेवटी मी पातेलं घेऊन पुन्हा फिरलो. पुढे कितीतरी दिवस आम्ही वकिलांची बासुंदी म्हणून हसत होतो. ते स्वतःही हसायचे, पण चूक काय झाली ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नसावं.

जज्जसाहेबांनंतरची पहिली सभा भरली. अहवाल झाला. मी उभा राहिलो, उपरणं सावरलं आणि माझं भाषण म्हटलं. पुष्कळ झालं, प्रकृती साथ देत नाही, मोकळं करा. म्हणून झालं आणि मी काठीचा आवाज यायची वाट बघत राहिलो.

आवाज आला नाही. काठीवाला माणूस राहिलाच नव्हता, आणि त्याचं काम आता कुणी करायचं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. मागून "बसा हो" म्हणणाऱ्यांना आधी कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागायची. कुणीतरी खोकलं. मी उपरण्याचं टोक धरून तसाच उभा.

मग डॉक्टर उठले. माझं वाक्य पुरं झाल्याची खात्री करून घेऊनच ते उठले असणार. म्हणाले, "मास्तर किती वर्षं मोकळं करा म्हणताहेत, असं मी ऐकतो. आणि आपण त्यांच्या चांगुलपणाचा फायदा घेत आलो. आता तरी त्यांना विश्रांती देऊ या." एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. वकिलांचं नाव पुढे आलं, ते नको-नको म्हणाले, पण डॉक्टरांनी त्यांना आग्रह केला. तो मात्र केला! पाच मिनिटांत सगळं आटोपलं आणि चिवडा आला. मी चिवडा खाल्ला. त्याची चव मला आज आठवत नाही, पण चावत होतो हे आठवतं.

पुढच्या आठवड्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. भाषणं इतकी चांगली झाली की माणूस मेल्यावर याहून चांगली करणं कठीण. किल्ली मी वकिलांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला. "काही अडलं तर विचारीन, अण्णा," ते म्हणाले. त्यांचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाय आपसूक हॉलकडे वळले. वकिलांनी वेळेवर कुलूप काढलेलं होतं. मी आत गेलो तर सगळे उठून उभे राहिले. बुद्धिबळाचा डाव थांबला. कुणीतरी जज्जसाहेबांची हातांची खुर्ची पुढे ओढली. मी जाजमाचं टोक सरळ करायला वाकलो तर दोघे धावत आले, "छे छे मास्तर, तुम्ही बसा." गॅसबत्ती भगभगत होती, पिन फिरवायला हात शिवशिवले, पण तिथेही मला कुणी पोचू दिलं नाही. मी त्या खुर्चीत पाहुण्यासारखा बसलो आणि थोड्या वेळाने निघालो. मी निघेपर्यंत त्यांनी डाव पुन्हा मांडला नव्हता.

मग मी रोजचं जाणं सोडलं. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचो. हुबळीकडची गाडी यायची, अळणावरकडे निघून जायची. उतरणारे उतरायचे, त्यांना न्यायला कुणीतरी आलेलं असायचं. हमाल मला ओळखायला लागले, एकदोनदा त्यांनी विचारलंही, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, हवा खायला येतो. एकटेपणाबद्दल लोक मोठमोठं बोलतात. माझ्यापुरता तो इतकाच होता की संध्याकाळी साडेपाचनंतर माझ्याकडे कुणाचं काही काम नव्हतं. गाईवाली अक्का एकदा रस्त्यात भेटली. म्हणाली, "नवीन वकील चांगले आहेत की हो, भांडतच न्हाईत." एवढ्यावरून मला घरी येईपर्यंत रडू आवरेना.

राग यायचा. डॉक्टरांचा यायचा, मेलेल्या जज्जसाहेबांचासुद्धा यायचा. माझा स्वतःचा सर्वांत जास्त. एवढं साधं वाक्य होतं, "मला राहायचंय." ते त्या सभेत उभ्याउभ्या म्हणता आलं असतं. पण आमच्या पिढीला ते वाक्य कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझ्या तोंडात ते अजूनही नीट बसत नाही.

वर्ष गेलं. सभा आली. बोलावणं आलं म्हणून गेलो आणि पहिल्या रांगेत, त्याच हातांच्या खुर्चीत बसवला गेलो. अहवाल झाला. वकील उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा मला मोकळं करावं ही विनंती. कामं फार वाढली आहेत."

पुन्हा तीच शांतता. डॉक्टर वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते. आणि मला एकदम उमगलं की सगळी सभा माझ्याकडे बघते आहे. जज्जसाहेबांची खुर्ची माझ्याकडे होती, म्हणजे त्यांचं कामही माझ्याकडे आलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो असतो तर टाळ्या वाजल्या असत्या, त्यांना शाल मिळाली असती, आणि मग किल्ली कुणाला, हा प्रश्न आला असता. कोण होतं दुसरं?

मी वकिलांकडे पाहिलं. ते कोटाचं बटण चाळवत उभे होते. त्या शांततेत उभं राहणं काय असतं, हे त्या सभेत एकट्या मला ठाऊक होतं. तिथे मी शत्रूलाही उभा करणार नाही. माझ्याकडे काठी नव्हती म्हणून मी पायच आपटला. "सुम्म कुंड्री, वकील! यार माड्तार्री इदन्नेल्ला?" सभा हसली. मागून "बसा हो" सुरू झालं. वकील काहीसे गोंधळून खाली बसले, आणि त्यांच्यावर मोठाच उपकार केल्याच्या आनंदात मी घरी आलो.

असं पुढे दर वर्षी चाललं. ते मोकळं करा म्हणायचे आणि मी त्यांना बसवायचो. एका वर्षी मी ठरवून गेलो होतो की या खेपेला तोंड उघडायचं नाही. जीभ दातांखाली धरून बसलो. पण शांतता लांबली, आणि माझ्याच्याने ती ऐकवेना. बसवलं त्यांना. तो माझा वर्षातला एकुलता एक अधिकार होता, तो तरी नीट बजावावा, अशी मी मनाची समजूत घालत असे. लोक म्हणायचे, मास्तरांनी जज्जसाहेबांची गादी चालवली.

लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेनासं झालं, हॉलची बत्ती एक दिवसाआड लागू लागली. मी शाळेतून निवृत्त झालो, त्यामुळे आता दिवसही मोकळा झाला. त्या दिवसांत एका संध्याकाळी, सभेला महिना-दीड महिना असताना, वकील सायकलवरून माझ्या घरी आले. धारवाडची ती बारीक भुरभुर पडत होती. त्यांनी दाराशी टोपी झटकली आणि आत येऊन टेबलावर किल्ली ठेवली. मी ती किती दिवसांनी इतक्या जवळून बघत होतो! तिच्या कडीला मी बांधलेला सुतळीचा तुकडा अजून होता.

मी चहा टाकला. विचारायचं राहिलंच, नाहीतर ते नको म्हणाले असते आणि त्यांचं 'नको' म्हणजे खरंच नको.

"अण्णा, मी हुबळीला बिऱ्हाड हलवतोय," ते म्हणाले. "माझी सगळी कामं तिकडच्या कोर्टात. रोज गाडीनं जाऊन येऊन जीव दमून गेला. पोरांची तोंडं दिसत नाहीत. मी दर वर्षी सभेत सांगत होतो."

"सांगत होतात," मी म्हणालो. "सगळेच सांगतात."

"मी खरंच सांगत होतो की हो."

मी हातातली गाळणी खाली ठेवली. ते रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच सरळ होता. "पहिल्या वर्षीच मला जायचं होतं. तुम्ही म्हणालात बसा. तुमच्यासारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कसा उठू? प्रत्येक वर्षी वाटायचं, या खेपेला अण्णा काही बोलले नाहीत तर सुटलो. घरी बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, अण्णांनी पुन्हा बसवलं."

मी ज्याला वाचवत होतो तो बुडत नव्हताच. तो काठावर यायला बघत होता आणि दर वर्षी मीच त्याला परत आत लोटत होतो, वर स्वतःला शाबासकी देत होतो. आणि ती सगळी वर्षं किल्ली माझी होऊ शकली असती.

वकील म्हणाले, "या खेपेला सभेत बोलायच्या आधी तुमच्याकडे आलो. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं, आधी तुम्हांला विचारावं. तुम्ही परत घ्याल का हॉल?"

किल्ली माझ्या पुढ्यात होती. नुसता हात पुढे करायचा. मेंटलचा वास, खिडक्यांच्या कड्यांचा आवाज, अक्काची बोलणी, सगळं त्या टेबलावर येऊन पडलं होतं. हो म्हणायचं होतं मला. देवाशप्पथ, मला हो म्हणायचं होतं.

आणि मी म्हणालो, "छे, छे. आता या वयात? नको हो."

म्हणालो आणि थांबलो. कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी फुंकर घालून घोट घेतला. मी वाट बघत होतो. असं कसं, अण्णा, तुमच्याशिवाय कोण आहे, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. माझं पुढचं वाक्य तयार होतं. तुमचा आग्रहच असेल तर नाइलाज आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"बरं," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. नको असताना कुणी बसवलं की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी आग्रह नाही करत." त्यांनी चहा संपवला, किल्ली उचलली, कोटाच्या आतल्या खिशात ती मावेना म्हणून हातातच धरली. "डॉक्टरांकडेच जातो आता. बँकेतले ते नवे कॅशियर तयार आहेत म्हणतात. येतो, अण्णा."

मी दारापर्यंत गेलो. त्यांनी सायकल रस्त्यावर घेतली, किल्ली हँडलला धरून टांग टाकली. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. वकील, अहो वकील, मला हवी आहे. तेवढं म्हणायचं होतं. ते कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत सावकाश गेले, म्हणजे वेळ भरपूर होता. मी नुसता बघत उभा राहिलो आणि ते वळले.

आत आलो. टेबलावर त्यांचा रिकामा कप होता आणि माझा भरलेला. खोलीच्या मधोमध, उपरणं हातात धरून, मी सभेतल्यासारखा उभा होतो. बसा म्हणायला कुणी नव्हतं. मग मीच मोठ्याने म्हणालो, "सुम्म कुंड्री, मास्तर." आणि खाली बसून तो गार झालेला चहा प्यालो.